उभा रस्ता, आडवा गाव

कोकणातून आलेल्या माणसाला प्रथम घरच्यांचे कुशल विचारावे, अशी पूर्वी रीत होती. अलीकडे ती मागे पडून तिच्या जागी "रस्ता कसा आहे?" हा प्रश्न आला. गणेशचतुर्थी तोंडावर आली, की आमच्या कॉलेजातील शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न मला दिवसातून चार वेळा ऐकावा लागे. आणि विचारणाराच्या स्वरात, एखाद्या जुनाट रोग्याची चौकशी करताना असते तशी, उत्तराची फारशी आशा न धरणारी आस्था असे. मीही ठरीव उत्तर देत असे. अमुक ठिकाणी खड्डे, तमुक ठिकाणी गाड्यांची रांग, एकंदरीत सुधारणा नाही. हे उत्तर देण्यात माझे काही चुकत आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटले नाही.

हा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. सरकारदप्तरी त्याचा क्रमांक पूर्वी सतरा होता. २०१० साली देशातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा तो सहासष्ट झाला. पनवेलजवळ पळस्प्यास तो पुण्याच्या वाटेची संगत सोडतो, आणि दक्षिणेकडे तोंड करून जो निघतो तो थेट कन्याकुमारीस, सुमारे १६०० किलोमीटरांवर, जाऊन थांबतो. त्यातले सुमारे साडेचारशे किलोमीटर आमच्या कोकणचे. वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण, कर्नाळ्याचा सुळका, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर. मग कशेडीचा घाट चढून-उतरून खेडचा भरणे नाका, लोटे, परशुरामाचा घाट, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा, लांजे, राजापूर, खारेपाटण, कणकवली, कुडाळ, बांदे. मुंबईत वाढलेल्या कोकणी मुलाला पाढ्यांच्या आधी ही नावे पाठ होतात. मोटारीच्या खिडकीशी बसून मीही ती अशीच पाठ केली. तथापि, ही गावे याच क्रमाने एका माळेत का ओवली गेली, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो माझ्या मनात घातला आमच्या अण्णाकाकांनी.

अण्णाकाका हे माझ्या वडिलांचे धाकटे बंधू. वय ऐंशीच्या पुढे. सारी हयात जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून शिकविण्यात गेली. त्यामुळे समोर बसलेला पुतण्या स्वतः प्राध्यापक असून पन्नाशी उलटलेला आहे, ही गोष्ट त्यांना फारशी महत्त्वाची वाटत नाही. एकदा त्यांनी ओटीवरच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने दोन उभ्या रेघा ओढल्या. "हा सह्याद्री आणि हा समुद्र. आता आपल्या नद्या काढ." मी वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत आडव्या रेघा काढू लागलो. आंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना. खाली बांद्याच्या तेरेखोलपर्यंत. खडू संपत आला, नद्या संपेनात. मग त्यांनी माझ्या हातातून तो तुकडा घेतला आणि सर्व आडव्या रेघा कापीत एक उभी रेघ ओढली. "हा तुझा रस्ता. देश आडवा आहे, आणि रस्ता उभा आहे. बाकी सगळी रडकथा यातून निघते."

या एका वाक्यात कोकणच्या दळणवळणाचा इतिहास सामावला आहे, असे मला विचारान्ती दिसून आले. आमच्या नद्या सह्याद्रीवर जन्मतात आणि पन्नास-साठ किलोमीटरांच्या आत समुद्रास मिळतात. त्यांच्या खाड्यांतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते व मचवे आत येत. आणि जेथे भरतीचे पाणी संपे व बैलाची पाठ सुरू होई, तेथे पेठ वसे. नागोठणे, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सारी अशाच जागी वसलेली गावे. माल समुद्रातून यायचा आणि वरंध, कुंभार्ली, अणुस्कुरा अशा घाटांनी देशावर चढायचा. महाडजवळच्या गांधारपाल्याची बौद्ध लेणी, खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट, १६६१ साली शिवाजीमहाराजांनी राजापुरास इंग्रजांच्या वखारीचा घेतलेला समाचार, या सर्वांच्या मुळाशी हीच आडवी वाट आहे. डोंगर आणि बंदर यांच्यामध्ये जो बसला, त्याच्या हाती व्यापाराची नाडी. उभे जावयाचे, म्हणजे मुंबईस किंवा मालवणास जावयाचे, ते समुद्रातून. जमिनीवरून उभे जाण्याची घाई कोणालाच नव्हती.

महामार्गाने या सर्व पेठांना नेमके गाठले, याचेही कारण भूगोलातच आहे. समुद्राजवळ जावे तर खाड्या अर्धा-अर्धा कोस रुंद. सह्याद्रीजवळ जावे तर दऱ्या खोल. मध्ये, जेथे खाडी संपून नदी आटोपशीर होते, तेथेच पूल बांधणे परवडणारे. म्हणजे ज्या जागेने बंदर वसविले, तिनेच पूलही आणला. आणि एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात जावयाचे, तर मधली डोंगराची सोंड ओलांडणे भाग. म्हणून पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये कशेडी, व खेड आणि चिपळूण यांच्यामध्ये परशुराम. पावसाळ्यात दरड कोसळली, की आपण वैतागून रस्त्यास शिव्या देतो. वस्तुतः तो बिचारा प्रवाहाविरुद्ध नव्हे, पण प्रवाहाला आडवा चालत असतो. आणि तसे चालणे सोपे नसते.

समुद्राची वाट किती अलीकडेपर्यंत मुख्य होती, याचा एक दाखला देतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडास जी परिषद भरली आणि जिच्यात मनुस्मृतीचे दहन झाले, तिच्यासाठी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते बोटीने. सावित्रीच्या खाडीत दासगावच्या बंदरास उतरून ते महाडास गेले. सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल उभा राहिला तो १९२८ साली. माझे वडील पुढे कित्येक वर्षांनी, मॅट्रिक होऊन नोकरीसाठी मुंबईस गेले, तेही जयगडच्या बंदरातून. पडावात बसून खोल पाण्यापर्यंत जावयाचे, आणि हलत्या शिडीवरून आगबोटीत चढावयाचे. आजीने बांधून दिलेले सांदण पडावातच खाऱ्या पाण्याने भिजले, आणि ते त्यांनी तसेच खाल्ले, ही हकीकत आम्ही शंभर वेळा ऐकली आहे. पावसाळा लागला, की दक्षिणेकडील बंदरांच्या आगबोटी बंद. त्या चार महिन्यांत घरी कोणी आजारी पडले, तर मुंबईच्या मुलाने फक्त पत्राची वाट पाहावयाची. १९४७ च्या १७ जुलैस रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली. तेव्हापासून आमच्या आजीने बोटीचे नाव काढले, की जपमाळ हाती घ्यावी.

अशा काळात आमच्या गावाला रस्ता हवा होता, यात नवल नाही. गाव संगमेश्वर आणि लांजे यांच्या मधला. नावाने ओळखावा असा नव्हे. इंग्रजी अमदानीच्या शेवटच्या वर्षांत, मोटारी सुखाने जाव्यात म्हणून जुना गाडीरस्ता रुंद करावयाचे ठरले, तेव्हा आमच्या आजोबांनी आपला जांभ्याचा गडगा स्वतः गडी लावून मागे घेतला, आणि दोन गुंठे जमीन पैसा न मागता दिली. त्या दिवशी त्यांनी मोजणीदाराला जेवावयास ठेवून घेतले होते. नव्या गडग्यापाशी त्यांनी एक फणस लावला. हेतू असा, की गाडीची वाट पाहणाऱ्याला सावली असावी. पुढे १९४८ साली सरकारी मोटारगाड्या पुणे-नगर मार्गावर सुरू झाल्या, कालांतराने एस.टी. आमच्याकडेही आली, आणि त्या फणसाखाली तिचा थांबा झाला. सरकारी पाटीवर गावाचे नाव होते. गाडीचे वाहक मात्र "फणस" असेच ओरडत.

रस्ता गावात येतो, असे आपण म्हणतो. पण त्या फणसाखालून आलेल्यांची आणि गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली असती, तर हिशेब जाणाऱ्यांकडे झुकला असता. माझे वडील बोटीने गेले, त्यांचे दोन चुलतभाऊ एस.टी.ने गेले, आणि आम्ही पुढच्या पिढीची मुले तर केवळ सुटीत येणारी. गावात अण्णाकाका उरले. कोणीतरी उरणे आवश्यक होते म्हणून.

आता माझा अपराध सांगतो. २०१२ च्या गणपतीस मी सहकुटुंब गावी निघालो, आणि पनवेलपासून घरी पोचावयास मला अठरा तास लागले. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण आदल्या वर्षी सुरू झाले होते. त्यामुळे जुना रस्ता उखडलेला आणि नवा झालेला नाही, अशी अवस्था होती. माणगावच्या अलीकडे गाडी चार तास एका जागी उभी राहिली. परत आल्यावर मी एका वृत्तपत्रास पत्र लिहिले. सारा महामार्ग सावंतवाडीपर्यंत तातडीने चौपदरी करावा, भूसंपादनाच्या किरकोळ अडचणींचा बाऊ करू नये, हा रस्ता म्हणजे कोकणच्या विकासाची धमनी आहे, वगैरे. पत्र लिहावयास वीस मिनिटे लागली. ते छापून आले. मित्रांनी शाबासकी दिली. आणि मी ते विसरून गेलो.

पुढे चार-पाच वर्षांनी त्या किरकोळ अडचणी मोजणीच्या खुणांच्या रूपाने आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. फणस, गडगा, सारे खळे आणि पुढची पडवी रेघेच्या आत गेली. जमीन सामाईक, म्हणून मोबदल्याच्या कागदांवर सह्या करावयास मला जावे लागले. अण्णाकाकांनी कपाटातून एक घडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ते माझेच पत्र होते, कातरून जपलेले. मला वाटले, आता हे रागावतील. पण त्यांनी शिक्षकाच्या सवयीने फक्त एका शब्दाखाली बोट ठेवले.

"धमनी म्हणालास ते बरोबर आहे. पण धमनी रक्त हृदयापासून बाहेर नेते. परत आणते ती शीर. शिकवलं होतं मी तुला."

यावर काय बोलावे? मी सही केली. माझ्या वाट्याची रक्कम घेतली. ती घेऊ नये, असे एकदा मनात आले होते; परंतु घेतली, हे येथे लिहून ठेवणे मला प्राप्त आहे. फणस तोडला त्या दिवशी मी तेथे नव्हतो. अण्णाकाकाही घरात माजघरातच बसून होते, असे काकूने मागाहून सांगितले. करवत सकाळी सुरू झाली, आणि तिसऱ्या प्रहरी ओटीवर एकाएकी ऊन आले. इतके ऊन त्या ओटीने आजोबांच्या तरुणपणानंतर पाहिले नव्हते.

माणूस अशा वेळी रस्त्याचा वैरी होतो. अण्णाकाका झाले नाहीत. याचे कारण ते मला २०१६ च्या ऑगस्टात समजले होते. त्या महिन्याच्या २ तारखेच्या रात्री पूर आलेल्या सावित्रीने महाडजवळचा तो १९२८ चा पूल नेला. राजापूर आणि जयगड येथून मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. गाड्या, अंधारात पुढे पूल नाही हे न कळून, उतारूंसह नदीत गेल्या. अण्णाकाका त्या आठवड्यात दररोज मला फोन करीत. आपल्या तालुक्यातील कोण कोण त्या गाड्यांत होते, याची त्यांनी वहीत नोंद केली होती. त्यांतील एक त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा होता. "दगड काय कायम टिकतो का रे?" ते म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी वर्षं त्यानं कळ काढली. पूल आधी बघायचे, रस्ता मग. आपल्याकडे रस्ता म्हणजे पूलच." पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. करावयाचेच असले, म्हणजे होते, एवढे त्यावरून सर्वांना कळले. बाकीच्या रस्त्याने मात्र एका तपाहून अधिक काळ घेतला. कशेडीच्या सुमारे दोन किलोमीटरांच्या बोगद्यातून पहिल्या गाड्या जाऊ लागल्या, तेव्हा २०२३ चे गणपती आले होते. दरम्यान २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीने चिपळूण बुडविले, आणि आपल्यावरच्या जुन्या पुलालाही धक्का दिला. नदी आपला हक्क असा अधूनमधून बजावीत असते.

आमच्या गावापुढचा रस्ता मात्र पुरा झाला, आणि खरे सांगावयाचे तर उत्तम झाला. गाडी त्यावरून पाण्यासारखी जाते. मागल्या शिमग्यास मी गेलो, तेव्हा दारात उतरताना मला बरेच समाधान वाटले. सायंकाळी अण्णाकाका म्हणाले, "चल, देवळात जाऊ." ग्रामदेवतेचे देऊळ आणि पालखीची सहाण ही रस्त्याच्या पलीकडे. अंतर पूर्वी हाकेचे. मी अंगणातून, म्हणजे त्याचा जो काही भाग राहिला आहे त्यातून, समोर चालू लागलो आणि थांबलो. मध्ये काँक्रीटचा दुभाजक होता. माझ्या कमरेइतका उंच, आणि दोन्ही दिशांना दृष्टी पोचेपर्यंत अखंड.

"इकडून नाही," अण्णाकाका म्हणाले. "वर जायचं, तिथून वळायचं, आणि परत खाली."

वर म्हणजे सव्वा किलोमीटर. म्हणजे समोर दिसणाऱ्या देवळात जाऊन येण्यास या म्हाताऱ्या माणसाला पाच किलोमीटर चालावयाचे, आणि तेही भरधाव गाड्यांच्या कडेने. तरुण मुले दुभाजकावरून उडी टाकतात. बायका लाकडाच्या मोळ्या अलीकडून पलीकडे झेलतात. पालखीचे त्यांनी काय केले, असे मी विचारले. ती त्या वर्षी प्रथमच टेंपोत बसून वळसा घालून गेली. खांद्यावरची पालखी नाचविणारी माणसे टेंपोच्या मागे मोटारसायकलींवरून गेली. हे सांगताना ते हसले. मला हसता आले नाही.

आम्ही त्या कडेकडेने चालत होतो. वाटेत एका वहाळावर रस्त्याने लहानशी मोरी बांधली आहे. अण्णाकाका तेथे थांबले आणि खाली वाकून पाहू लागले. मोरी स्वच्छ, रुंद, चांगल्या बांधणीची होती. फाल्गुनात तिच्यातून पाण्याचा थेंबही जात नव्हता.

"बघ," ते म्हणाले, "चार महिने वाहणाऱ्या वहाळाला यांनी वाट ठेवली. ठेवावीच लागते, नाही ठेवली, तर तो रस्ता घेऊन जातो. गावाला नाही ठेवली, कारण गाव काही करत नाही. वळसा घालतो."

त्या रात्री मला झोप लवकर आली नाही. ओटीवर पूर्वी काढलेली खडूची आकृती मला आठवत होती. आडव्या रेघा नद्यांच्या, आणि उभी रेघ रस्त्याची. त्या आकृतीत आणखीही पुष्कळ आडव्या रेघा होत्या, इतक्या लहान की त्या आम्हा दोघांपैकी कोणीही काढल्या नव्हत्या. घरापासून देवळापर्यंत, विहिरीपासून शेतापर्यंत, शाळेपासून वाडीपर्यंत. चाकरमानी जन्मभर उभ्या रेघेवरूनच गावाकडे पाहतो. किती तास लागले, कोठे खड्डा लागला, चहा कोठे बरा मिळाला. रस्ता कसा आहे, हा प्रश्नच मुळी त्यावरून जाणाराचा आहे. तो ओलांडणाराने विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. माझ्या पत्रातही तो नव्हता. आजोबांनी गडगा मागे घेतला तेव्हा त्यांनी रस्त्याला वाट दिली, आणि रस्त्यानेही त्यांना वाट दिली. मुलाने धावत पलीकडे जावे, गुरे सावकाश जावीत, पालखी मध्यावर घटकाभर नाचावी, आणि एस.टी.ने तोवर थांबावे. तो करार कोणी लिहून ठेवला नव्हता. म्हणून तो मोडला, हेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

मी रस्ता नको असे म्हणत नाही. तसे म्हणणे शहरात राहणाऱ्या माणसाला शोभणार नाही. काकूला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा याच रुंद रस्त्याने तिला वेळेत रत्नागिरीस नेता आले. आणि ज्या काळी पावसाळ्यात केवळ पत्राची वाट पाहावी लागे, तो काळ परत यावा अशी इच्छा अण्णाकाकाही करणार नाहीत. मागणे एवढेच, की वहाळाइतकी प्रतिष्ठा गावालाही असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाकाकांनी कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवले. "मागचं पत्र चांगलं होतं. आता दुसरं लिही." देवळासमोर पालखी उभी जाऊ शकेल इतक्या उंचीचा भुयारी मार्ग असावा, आणि तो होईपर्यंत दुभाजकात माणसांना जाण्यापुरती फट व तिच्या दोन्ही अंगांना वेग कमी करणारे पट्टे असावेत, एवढाच मजकूर. अंतर मोजावयास आम्ही दोघे पुन्हा चालत गेलो. किती घरे अलीकडे, किती पलीकडे, शाळेत जाणारी मुले किती, हे अण्णाकाकांच्या वहीत होतेच. या पत्रास दोन दिवस लागले, आणि त्यात एकही उपमा नाही.

ते मी संबंधित कचेरीत स्वतः नेऊन दिले आणि पोचपावती घेतली. उत्तराची वाट पाहत आहे. अण्णाकाका आठवड्यातून एकदा फोनवर विचारतात, आणि आता आमच्या दोघांच्या बोलण्यात "रस्ता कसा आहे?" हा प्रश्न मी त्यांना करतो.